व्हीएमवर डेटाबेस टाकायचाय? आधी डिस्क नीट लावा

लातूर, जालना, नांदेड, परभणी, कुठंही जा, आडत दुकान असो, दाल मिल असो नाहीतर कोचिंग क्लासचं ऑफिस, आता बऱ्याच जणांकडं एखादा छोटा सर्व्हर असतोच, त्याच्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं, आत दोन-चार व्हीएम म्हणजे अशी व्हर्च्युअल मशीन, आणि त्यातल्या एकात बिलिंगचा डेटाबेस. ही व्हीएम बहुतेक वेळा नेक्स्ट-नेक्स्ट करून बनवलेली असते. एकच १०० जीबीची डिस्क, तिच्यातच उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस), तिच्यातच पोस्टग्रेस हा डेटाबेस, तिच्यातच लॉग आणि बॅकअप पण तिथंच. चालतंय तोवर कोणी ढुंकून बघत नाही. मग दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक वाढली की मुनीमाचा फोन येतो, ओ सर, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाची हिशोबाची पावती) निघंना झालीय, बघा की जरा.

बघायला जावं तर रूट डिस्क शंभर टक्के भरलेली, पोस्टग्रेस बंद पडलेलं, आणि लॉगमधे एकच ओळ परत परत, जागा शिल्लक नाही म्हणून. यात गंमत अशी की उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी लिनक्सची सोय) निवडला की १०० जीबीच्या डिस्कमधली जवळपास अर्धीच रूटला देतो, बाकीची तशीच मोकळी पडून राहते, त्यामुळं मालक म्हणतो मी १०० जीबी दिली होती आणि डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारल्यावर दिसते ५० च्या आसपास. दोघंही खरंच बोलायलेत.

खाली जे लिहितोय ते प्रॉक्समॉक्स, उबंटू २४.०४ आणि पोस्टग्रेस १६ धरून लिहितोय, कारण आपल्याकडं हेच जास्त दिसतं. कमांडची नावं इथं बोलतो तशी लिहिलीत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यात टाकायची.

डेटाबेस डिस्कवर नेमकं काय करतो

पट्टी सेव्ह केली की पोस्टग्रेस आधी ती नोंद वॉल नावाच्या लॉगमधे लिहितं, मग लिनक्सला सांगतं की हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव, याला एफसिंक म्हणतात, आणि तिकडून हो आलं की मगच सॉफ्टवेअरला कळवतं की कमिट झालं, म्हणजे नोंद पक्की झाली. डेटा फाइलमधे ती एंट्री नंतर सावकाश जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडली त्या क्षणी आपल्याकडं पुरावा म्हणून असतो तो फक्त वॉलमधला तेवढा तुकडा.

आता साध्या मशीनवर हा निरोप लिनक्सकडून थेट डिस्कला जातो. व्हीएममधे तो आधी व्हीएमच्या लिनक्सला, तिथून व्हर्च्युअल कंट्रोलरला, तिथून खालच्या होस्टला म्हणजे खऱ्या सर्व्हरला, होस्टच्या स्टोरेजला, आणि शेवटी डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधे असा उतरत जातो. यातल्या एकानं जरी मधेच "झालं झालं" म्हणून टाकलं आणि प्रत्यक्षात रॅममधेच धरून ठेवलं, तर लाईट असेपर्यंत काही कळत नाही, उलट लई फास्ट चालायलंय म्हणून सगळे खुश. लाईट गेली की हिशोब लागतो. आणि आपल्याकडं लाईटचं काय आहे ते मी सांगायला नको. म्हणून जागा किती, स्पीड किती हे प्रश्न नंतरचे, "झालं" म्हटलं ते खरंच झालं का, हे आधी.

खालची खरी डिस्क

साध्या घरगुती एसएसडीत लाईट गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवायला कपॅसिटर नसतात. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत असतात, त्याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात, घेताना स्पेसिफिकेशनमधे तेवढं बघाच. याचा फायदा दुहेरी आहे, डेटा सुरक्षित तर राहतोच, पण कपॅसिटरचा भरवसा असल्यामुळं ती डिस्क एफसिंकला पटकन हो म्हणू शकते, साध्या एसएसडीला दर वेळी खरोखर फ्लॅशमधे लिहीपर्यंत थांबावं लागतं. दुकानदार म्हणेल दोन्ही सारख्याच, स्पीड बघा ना सर. तो जो स्पीड दाखवतो तो मोठी फाइल कॉपी करायचा असतो, डेटाबेसचं काम तसं नसतं.

दोन डिस्क घ्या आणि मिरर करा, म्हणजे रेड १. चार असतील तर रेड १०. रेड ५ मधे जागा जास्त मिळते म्हणून लोकांना मोह होतो, पण तिथं एक छोटं राइट करायचं तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (एक डिस्क गेली तर डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, असे चार हेलपाटे पडतात, मिररमधे दोनच. डेटाबेसला दिवसभर छोटीच राइट करायची असतात. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, डिलीट मारलेली एंट्री दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीनं डिलीट होते.

जागेचा अंदाज

समजा आत्ता डेटाबेस १८ जीबी आहे आणि वर्षाला ६ जीबी वाढतो. तीन वर्षाचे झाले ३६. त्यात सगळ्यात मोठं टेबल इंडेक्ससकट ८ जीबीचं असेल तर तेवढी जागा वेगळी धरा, कारण व्हॅक्यूम फुल मारलं की पोस्टग्रेस त्या टेबलची नवीन कॉपी बनवतं आणि मग जुनी टाकून देतं, तेवढा वेळ दोन्हीला जागा लागते. झाले ४४. वॉलला दोन-चार जीबी, वर थोडी मोकळीक, म्हणजे ६४ ची डिस्क. एकदम ५०० द्यायची गरज नाही, वाढवणं सोपं असतं, कमी करणं अवघड, एक्सएफएस फाइल सिस्टिम असेल तर कमी करायचा विचारच सोडा.

ओएसला वेगळी ३२ जीबी. डेटाला वेगळी ६४. वॉलला तिसरी वेगळी डिस्क द्यावी असं जिथं तिथं वाचायला मिळतं, ते पूर्वी फिरत्या हार्ड डिस्क होत्या तेव्हा फार महत्त्वाचं होतं. तुमच्याकडं खाली एकच मिरर असेल तर व्हीएममधे दोन डिस्क दाखवून स्पीड वाढत नाही, शेवटी दोन्ही त्याच एसएसडीवर जातात. उगं गुंतागुंत. खाली खरंच वेगळी डिस्क असेल तरच करा.

थिन प्रोव्हिजनिंगबद्दल मात्र जरा थांबून समजून घ्या. प्रॉक्समॉक्समधलं लोकल-एलव्हीएम हे थिन असतं, म्हणजे व्हीएमला ६४ जीबी म्हणून सांगितलं तरी जेवढी वापरली तेवढीच जागा खरी जाते. एका विहिरीवर चौघांनी मोटारी टाकल्यासारखं आहे, प्रत्येकाला वाटतं पाणी आपलंच, आणि मार्च-एप्रिलला कळतं किती होतं ते. ही सगळ्यांची सामायिक जागा म्हणजे पूल, तो भरला की व्हीएमच्या आत डीएफ ३० जीबी मोकळी दाखवत असतं आणि तरी राइट फेल जातं, आणि फक्त डेटाबेसची नाही, त्या पूलवरच्या सगळ्याच व्हीएम गोत्यात येतात. अशा वेळी एफसिंक फेल झालं तर पोस्टग्रेस मुद्दाम स्वतःला बंद करून घेतं. आधी असं नव्हतं, पण २०१८ मधे लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एकदा एफसिंक फेल झालं की पुढचं एफसिंक "ओके" म्हणू शकतं आणि मधला डेटा गायब असू शकतो, म्हणून फेब्रुवारी २०१९ च्या अपडेटपासून ते रिस्क घेत नाही. म्हणजे बंद पडलं म्हणून शिव्या देऊ नका, ते बरोबर करायलंय. तुम्ही होस्टवर पूल किती भरलाय ते बघत जा, ८० टक्क्याच्या वर गेला की हालचाल करा.

डिस्क जोडणे

प्रॉक्समॉक्समधे व्हीएम निवडा, हार्डवेअर, ॲड, हार्ड डिस्क. बस स्कझी ठेवा आणि व्हीएमचा स्कझी कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी सिंगल. आयओ थ्रेडला टिक. डिस्कार्डला टिक, म्हणजे आत फाइल डिलीट झाल्यावर ती जागा पूलला परत जाऊ शकते. खाली एसएसडी असेल तर एसएसडी इम्युलेशनला पण टिक. बॅकअपची टिक निघालेली नाही ना ते बघा, ती नसली तर रोजचा व्हीएम बॅकअप बिनबोभाट होत राहतो आणि त्यात फक्त ओएस असतं.

कॅश. इथं डिफॉल्ट नो कॅश असतं, तेच राहू द्या. यादीत राइटबॅक आणि राइटबॅक अनसेफ अशी दोन नावं दिसतील. राइटबॅक व्हीएमचा फ्लश (डिस्कवर उतरव हा निरोप) पाळतं, पण तोच डेटा होस्टच्या रॅममधे पण आणि व्हीएमच्या रॅममधे पण साठतो, आपल्या १६-३२ जीबीच्या सर्व्हरला ते परवडत नाही. अनसेफ मात्र फ्लशकडं बघतच नाही, सरळ झालं म्हणून सांगतं. टेस्टिंगला ठीक, डेटाबेसला कधीच नाही. कोणी "हे केलं की दहापट फास्ट होतं" म्हणून सांगितलं तर तो बहुतेक हेच सांगतोय असं समजा.

व्हीएमच्या आत

एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारा. एसडीए ३२ जीबी आणि तिच्या खाली पार्टिशन दिसतील, एसडीबी ६४ जीबी आणि खाली काहीच नाही. साइज बघूनच पुढं जायचं, नावावर विसंबायचं नाही, रीबूटनंतर एसडीए-एसडीबीची अदलाबदल होऊ शकते.

मी एलव्हीएम लावतो. पार्टिशन न करता अख्खी डिस्क सरळ फॉरमॅट केली तरी चालते, पण मग उद्या दुसरा कोणी येतो, त्याला पार्टिशन नसलेली डिस्क दिसते, त्याला वाटतं रिकामी आहे. एलव्हीएममधे नाव दिसतं. पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी, मग व्हीजीक्रिएट पीजीव्हीजी /डेव्ह/एसडीबी, मग एलव्हीक्रिएट ला -एन डेटा आणि -एल १००%फ्री देऊन शेवटी पीजीव्हीजी. यातला एन लहान आणि एल पण लहान अक्षरातला, मोठा एल दिला तर तो टक्के घेत नाही.

फाइल सिस्टिम एक्सएफएस किंवा ईएक्सटी४, दोन्ही चांगल्या, यावर भांडण्यात वेळ घालवू नका. मी एक्सएफएस घेतो. ईएक्सटी४ घेतली तर ती ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, ६४ जीबीत तीनेक जीबी, ट्यून२एफएस -एम १ मारून ती १ टक्क्यावर आणता येते. बीटीआरएफएस डेटाबेसच्या डिस्कला नवख्यांनी नकोच. एमकेएफएस डॉट एक्सएफएस मारताना पाथ /डेव्ह/पीजीव्हीजी/डेटा असाच आहे ना ते एंटर दाबायच्या आधी मोठ्यानं वाचा.

माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क जिथं जोडायची (माउंट करायची) ते फोल्डर बनवा, /पीजीडेटा. माउंट करायच्या आधी त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर +आय मारून ठेवा. कारण असंय, कधी डिस्क माउंट झाली नाही तर ते फोल्डर म्हणजे रूट डिस्कवरचं एक साधं फोल्डर उरतं, आणि एखादी स्क्रिप्ट तिथं आरामात लिहीत बसते. +आय असलं की तिथं काहीच लिहिता येत नाही, लगेच एरर येते. माउंट झाल्यावर त्याचा काही अडथळा नसतो.

एफएसटॅबमधे (मशीन चालू होताना काय कुठं माउंट करायचं ती फाइल) ओळ टाका: /डेव्ह/पीजीव्हीजी/डेटा, /पीजीडेटा, एक्सएफएस, नोएटाइम, मग ० आणि ०. एलव्हीएमचं नाव बदलत नाही म्हणून चालतं, साधं पार्टिशन असेल तर बीएलकेआयडी मारून यूयूआयडी टाका. कुठल्यातरी जुन्या लेखात नोबॅरियर टाका म्हणून सांगितलेलं असतं, ते टाकू नका, वर एवढा वेळ ज्याबद्दल बोललो तेच ते बंद करतं. आता रीबूट करायची घाई नको. आधी सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, मग फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, मग माउंट -ए. एफएसटॅबमधे एक अक्षर चुकलं तर मशीन इमर्जन्सी मोडमधे जाऊन बसतं आणि एसएसएच पण लागत नाही, मग प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलवरून दुरुस्त करत बसा.

अजून एक काम. सिस्टिमसीटीएल एडिट पोस्टग्रेएसक्यूएल@१६-मेन उघडून युनिट सेक्शनमधे रिक्वायर्समाउंट्सफॉर=/पीजीडेटा टाका, म्हणजे डिस्क लागल्याशिवाय पोस्टग्रेस चालूच होणार नाही.

डेटा हलवणे

नवीन इन्स्टॉल असेल तर सोपंय, रिकामा क्लस्टर (पोस्टग्रेसचा सगळा डेटा असलेला संच) पीजी_ड्रॉपक्लस्टरनं काढा आणि पीजी_क्रिएटक्लस्टरला -डी देऊन नवीन पाथवर बनवा. पण ड्रॉप म्हणजे ड्रॉप, खरा डेटा असेल तर त्याच्या जवळपासही जाऊ नका.

चालू डेटाबेस असेल तर दुकान बंद झाल्यावर करा. आधी पीजी_डम्पऑल घेऊन ती फाइल दुसऱ्या मशीनवर टाका. मग पोस्टग्रेस स्टॉप, आणि खरंच थांबलंय का ते पीजी_एलएसक्लस्टर्सनं बघा. /पीजीडेटा/१६ फोल्डर बनवून मालक पोस्टग्रेस युजरला करा. मग आरसिंक -ए, आधी जुना पाथ /वार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/१६/मेन/ आणि मग नवीन /पीजीडेटा/१६/मेन/. दोन्हीच्या शेवटी स्लॅश पाहिजे, पहिल्याचा विसरला तर मेनच्या आत अजून एक मेन तयार होतं. डेटा सरळ /पीजीडेटामधे न टाकता आतल्या फोल्डरमधे टाकायचा, ईएक्सटी४ असेल तर वर लॉस्ट+फाउंड फोल्डर असतं आणि पोस्टग्रेसला डेटा फोल्डर बनवताना आत दुसरं काही चालत नाही.

मग पोस्टग्रेएसक्यूएल डॉट कॉन्फमधे डेटा_डिरेक्टरी बदला, चालू करा, आणि पीएसक्यूएलमधे शो डेटा_डिरेक्टरी विचारा. नवीन पाथ आला तर जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा, लगेच उडवू नका, चार दिवस सॉफ्टवेअर नीट चाललं की मग काढा. मायएसक्यूएल असेल तर उबंटूवर ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रामनं कुठल्या फाइलला हात लावायचा ते ठरवणारं कुलूप) आडवा येतो, त्याच्या अलियास फाइलमधे नवीन पाथ सांगावा लागतो. रेड हॅटच्या घरातलं लिनक्स असेल तर तसंच काम करणारं एसईलिनक्स, तिथं सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट आणि रिस्टोरकॉन. परमिशन बरोबर दिसते आणि तरी परमिशन डिनाइड येतंय, तर नव्वद टक्के हेच असतं.

आता तपासा

इथं कोणी वेळ देत नाही आणि मला विचाराल तर द्यायचा तो इथंच.

पोस्टग्रेससोबत पीजी_टेस्ट_एफसिंक येतं, उबंटूवर ते /यूएसआर/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/१६/बिन मधे असतं. -एफ देऊन फाइल /पीजीडेटावर बनवायला सांगा, नाहीतर तुम्ही भलत्याच डिस्कची परीक्षा घ्याल. दोन मिनिटाच्या आत संपतं आणि सेकंदाला किती ते आकडे देतं, लिनक्सवर एफडेटासिंकची ओळ बघा कारण पोस्टग्रेस डिफॉल्टला तेच वापरतं.

आकडा वाचायचा कसा? ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एकच जागा परत परत लिहून दर वेळी खात्री करायची तर ती फेरीला एकदाच जमते, म्हणून अशा डिस्कवर आकडा शंभरच्या आसपास किंवा कमीच यायला पाहिजे. तिथं जर ५००० दिसले तर पार्टी करू नका. मधे बॅटरीवालं रेड कार्ड असेल तर ठीक, नसेल तर मधला कोणीतरी खोटं बोलतोय, कॅश सेटिंगपासून परत तपासत या. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या एसएसडीवर हजारात आकडा येणं साहजिकच आहे. साध्या एसएसडीवर बराच कमी येतो, आणि तो कमी आला म्हणजे ती निदान प्रामाणिक तरी आहे.

दुसरी परीक्षा लाईटची. ही फक्त लाइव्ह जायच्या आधी करायची, सर्व्हरवर दुसरं काही महत्त्वाचं चालू नसताना. डेटाबेसमधे एका कॉलमचं टेबल बनवा. तुमच्या लॅपटॉपवर छोटी स्क्रिप्ट, ती १, २, ३ असे आकडे एक-एक करून इन्सर्ट करते, कमिट झालं असं उत्तर आलं की तो आकडा लॅपटॉपवरच्या फाइलमधे लिहिते आणि मग पुढचा. चालू द्या थोडा वेळ. मग सर्व्हरची केबल सरळ ओढा, यूपीएसच्या पुढची, शटडाउन बटण नाही. परत चालू केल्यावर टेबलमधला मोठ्यात मोठा आकडा बघा. लॅपटॉपवर शेवटचा ४८१२ असेल तर टेबलमधे ४८१२ पाहिजे, ४८१३ असला तरी चालेल, कारण कमिट होऊन उत्तर यायच्या आत केबल निघालेली असू शकते. पण ४८११ असेल तर हा सर्व्हर अजून दुकानात लावायच्या लायकीचा नाही. एकदा पास झालं म्हणून सोडू नका, अजून एक-दोनदा ओढून बघा.

आणि स्लो वाटलं म्हणून पोस्टग्रेसमधे एफसिंक ऑफ करू नका, त्यानं अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. अगदीच गरज असेल तर सिंक्रोनस_कमिट ऑफ ही वेगळी गोष्ट आहे, तिथं लाईट गेली तर डिफॉल्ट सेटिंगला शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या एंट्री जाऊ शकतात पण डेटाबेस शाबूत राहतो. हजेरीच्या मशीनच्या नोंदींना चालेल. पैशाला नाही.

पुढं डिस्क भरत आली की

प्रॉक्समॉक्समधे डिस्क निवडून रीसाइज, वाढवायचे जीबी टाका. आत पीव्हीरीसाइज /डेव्ह/एसडीबी, मग एलव्हीएक्सटेंड ला -आर, -एल +१००%फ्री आणि /डेव्ह/पीजीव्हीजी/डेटा. -आर मुळं फाइल सिस्टिम पण सोबतच वाढते, पोस्टग्रेस बंद करायची पण गरज पडत नाही. वाढवायच्या आधी कशानं भरली ते मात्र बघा. पीजी_वॉल फोल्डर एकदम फुगलेलं दिसलं तर आतल्या फाइल हातानं डिलीट करायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला कॉपी पाठवण्यासाठी वॉल राखून ठेवणारा) नाहीतर फेल होणारी आर्काइव्ह कमांड (वॉलची प्रत दुसरीकडं ठेवणारी), या दोनपैकी एक निघतं बहुतेक. स्लॉटसाठी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ला मर्यादा घालता येते, पोस्टग्रेस १३ पासून ते आहे.

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) अपडेटच्या आधी घ्यावा, अपडेट नीट झालं की काढावा. महिनोन्महिने ठेवला तर जागा खात जातो, आणि तो असतो त्याच पूलवर, तो पूल गेला की स्नॅपशॉट पण गेला. रात्रीचा पीजी_डम्प दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, शक्य असेल तर दुसऱ्या इमारतीत, आणि महिन्यातून एकदा तो एखाद्या रिकाम्या व्हीएमवर रिस्टोर करून मुनीमाला कालच्या पट्ट्या उघडून बघायला सांगा, बेरीज जुळते का ते त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं.